मुलींचा गट की खुला गट?

प्रश्न : माझी बारा वर्षांची नात चार वर्षांपासून बुद्धिबळ खेळते. मुलींच्या गटात ती बहुतेक वेळा करंडक घेऊनच घरी येते. यंदा मात्र हट्टाने खुल्या गटात उतरली आणि सहा डावांत अडीच गुणांवर थांबली. घरी येताच चाली लिहिलेले कागद तिने रद्दीत टाकले. ते मी उचलून ठेवले आहेत. मुलींचा गट असताना हे कशाला, असे तिच्या काकांचे म्हणणे आहे. शिवाय दिव्या देशमुख आधी ‘महिला ग्रँडमास्टर’ होती आणि नंतर ‘ग्रँडमास्टर’ झाली, यांत फरक काय?
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : कागद उचलून ठेवलेत, हे फार चांगले केलेत. त्यांच्याकडे शेवटी वळू.

महिला ग्रँडमास्टर हा केवळ महिलांसाठी असलेला किताब आहे आणि त्यासाठी २३०० गुणांकन (म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारे रेटिंग) लागते. ग्रँडमास्टर किताब स्त्री-पुरुषांना एकच असून त्यासाठी २५०० गुणांकन लागते. दोन्हींसाठी साधारणपणे तीन नॉर्म, म्हणजे मान्य स्पर्धांत ठरावीक दर्जाची कामगिरी, मिळवावे लागतात. नागपूरच्या दिव्याने पहिला किताब २०२१ मध्ये मिळवला. दुसरा तिला नॉर्मच्या वाटेने न जाता मिळाला, कारण महिला विश्वचषक जिंकणारीला तो थेट देण्याचा नियम आहे. जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे अंतिम फेरीतले दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटल्यावर तिने जलद डावांत कोनेरू हम्पीला हरवले आणि पटावरून उठून आईच्या गळ्यात पडून ती रडली. तेव्हा ती १९ वर्षांची होती. हम्पीने ग्रँडमास्टर किताब २००२ मध्ये पंधराव्या वर्षी मिळवला होता, हेही नातीला अवश्य सांगावे.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र याहून जुने आहे आणि आपल्या मराठी घरातले आहे. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांनीही पुढे हे विजेतेपद अनेकदा घरी आणले. यांतील धाकट्या रोहिणी १९७६ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. त्यावर एवढे वादळ उठले की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जागतिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूव यांना, स्त्रियांना अशा स्पर्धांतून रोखता येणार नाही, असा निर्णय द्यावा लागला. त्याच रोहिणी १९८१ मध्ये आशियाई महिला विजेत्या झाल्या. आज आपली नात प्रवेशअर्ज भरून सहज खुल्या गटात बसते, तो हक्क अशा रीतीने मिळालेला आहे, म्हणून तो वापरला जावा, असे मला मनापासून वाटते.

यात व्यवहाराचा हिशेबही आहे. अठरा वर्षांखालील आणि २३०० पेक्षा कमी गुणांकनाच्या खेळाडूला आपल्याहून ४०० गुणांनी वरच्या प्रतिस्पर्ध्याशी हरल्यास गुणांकनात जेमतेम तीन गुणांचा फटका बसतो. बरोबरी साधली तर सुमारे सतरा आणि जिंकल्यास छत्तीसच्या वर गुण मिळतात. आपल्याइतक्याच गुणांकनाच्या खेळाडूकडून हरल्यास मात्र वीस गुण जातात. करंडक कपाटात दिसतो, हे गणित दिसत नाही, म्हणून घरच्यांची गफलत होते. तरीही मुलींचा गट सोडून देऊ नये, कारण मुलींच्या राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची निवड त्याच वाटेने होते. वर्षातल्या निवड स्पर्धा तिथे खेळाव्यात आणि बाकीच्या खुल्या गटात.

आता ते कागद. ते नातीला लगेच देऊ नका. आठवडाभराने तिच्या प्रशिक्षकांसमोर काढा आणि हरलेल्या डावांपासून सुरुवात करायला सांगा. प्रत्येक डावात आपण कोणत्या चालीला घाईने हात घातला, तिथे तिने स्वतःच पेन्सिलने खूण करावी. प्रशिक्षकांनी आपले मत त्यानंतरच सांगावे.