सगळं ऑनलाइन झालं, मग लाच संपली का? सातबाऱ्यापुरतं उत्तर

सरकारी सेवा ऑनलाइन झाल्याने भ्रष्टाचार खरंच कमी झाला का, असं तुम्ही विचारलंय. सगळ्या खात्यांचं मला सांगता येणार नाही. आमचा संबंध शेतीच्या कागदांशी, तेवढ्यापुरतं बोलतो: उतारा काढायचे पैसे बंद झाले, नोंद मंजूर करायचे झाले नाहीत.

पूर्वी दप्तर तलाठ्याच्या ताब्यात असायचं. पीककर्जासाठी सातबारा हवा की भाऊसाहेब कधी सापडतात ते बघत बसायचं, आणि सापडले की चहापाण्याचं बघायचं. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. 15 रुपये भरा, मोबाइलवरून उतरवून घ्या, वेगळा सही-शिक्का लागत नाही. मधला माणूसच गेला, त्यामुळे द्यायचे कुणाला हा प्रश्न उरला नाही. हे छोटं काम नाही.

फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याची, गोष्ट वेगळी. वारस नोंद, बोजा (जमिनीवरच्या कर्जाची नोंद) चढवणं किंवा कमी करणं यांचा अर्ज आता ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या करता येतो. पण तलाठी कागद तपासणार, नोटीस निघणार, हरकतीसाठी 15 दिवस जाणार आणि मग तलाठ्याच्या वरचा मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार. यातल्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ‘हो’ म्हणावं लागतं. वजन ठेवायची जागा तीच.

वडिलांच्या पश्चात आम्ही वारस नोंदीचा अर्ज केला, तो ‘त्रुटी’ म्हणून परत आला. आधी प्रतिज्ञापत्र अस्पष्ट, ते नीट दिल्यावर मृत्यू दाखल्यावरचं नाव सातबाऱ्याशी जुळत नाही. (दुसरी त्रुटी खरी होती, दाखल्यावर ‘राव’ जास्तीचा होता. पण दोन्ही एकदम सांगायला काय हरकत होती?) पैसे भाऊसाहेबांनी मागितलेच नाहीत. तिथे बसणाऱ्या एका पोराने मागितले. सरकारी नोकर नसूनही कार्यालयाचा संगणक चालवणाऱ्या अशा माणसाला आमच्याकडे झिरो तलाठी म्हणतात. लॉगिन साहेबांचं, बोटं याची. पोर्टल कितीही चांगलं असो, त्याला हे दिसत नाही.

मग बदललं काय? अर्ज कुठे अडलाय ते दिसतं. ‘आपली चावडी’ या सरकारी ऑनलाइन सूचना फलकावर गाव निवडलं की फेरफाराची नोटीस आणि तारीख समोर येते. पूर्वी ‘फाइल वर गेलीय’ म्हटलं की विषय संपायचा, आता तारीख दाखवून विचारता येतं. त्याच्या जोडीला 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं, आणि विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण लेखी अपिलाचा धाक रकमेपेक्षा मोठा असतो. आमची नोंद अपिलाचं नाव काढल्यावरच हलली.

माझ्या मते सुधारणेची खरी जागा इथे आहे. त्रुटी एकदाच आणि सगळ्या मिळून काढायच्या, असं बंधन हवं. अर्ज आले त्याच क्रमाने निकाली निघायला हवेत. कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात फेरफारासाठी असा क्रम फार पूर्वीच लावला होता. नुसता अर्जाचा नमुना वेबसाइटवर चढवला तर रांग फक्त कार्यालयातून सेवा केंद्रात जाते, आणि तिथेही ठरलेल्या शुल्कावर वरचे पैसे घेणारे भेटतात.

तुमचंच काम अडलं असेल तर अर्जाची पोचपावती जपून ठेवा, त्रुटी लेखीच मागा. पैसे मागितले तर देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा, म्हणजे त्यांना पडताळणी करून सापळा लावता येतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच सुटका आहे.