मायर, मेयर आणि महापौर

प्रश्न असा आला आहे: भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ‘मेयरचा संबंध’ असतो, रसायनशास्त्रात लोथार मेयर भेटतो. हे जर्मन आडनाव मेयर की मायर? त्याचा अर्थ काय? आणि मुंबईच्या मेयरशी त्याचं काही नातं आहे का?

उच्चार आधी. मायर. जर्मनमध्ये ई-आय, ई-वाय, ए-आय, ए-वाय या चारही जोड्या ‘आय’ अशाच म्हणतात. शेवटचा र जवळजवळ गिळतात, त्यामुळे कानावर ‘मायअ’ पडतं. आपल्याकडचं ‘मेयर’ हे रोमन अक्षरं इंग्रजी वळणाने वाचल्यामुळे रुळलेलं आहे.

मेयरशी नातं मात्र खरं आहे. लॅटिनमध्ये ‘मायोर’ म्हणजे अधिक मोठा. फ्रेंचमार्गे त्याचा इंग्रजीत मेयर झाला, सैन्यातला मेजर त्याचाच भाऊ, आणि जुन्या जर्मनने तोच शब्द उचलून ‘मायर’ केला. हे मूळ आपल्याही घरात आहे. ‘महतो महीयान्’ मधला महीयान् म्हणजे अधिक मोठाच, आणि तो ‘मायोर’चा सख्खा भाऊबंद. म्हणजे मेयरला ‘महापौर’ म्हणताना त्यातल्या ‘महा’मुळे आपण नकळत त्याच धातूकडे परत गेलो. बदली शब्द इतका घरचा क्वचितच सापडतो.

हा ‘मोठा’ कुणापेक्षा? मध्ययुगात मठांच्या आणि सरदारांच्या जमिनी गावोगाव पसरलेल्या असत. मालक स्वतः तिथे राहत नसे. प्रत्येक ठिकाणी एक मुख्य वाडा, त्याची स्वतःची शेती, आणि भोवती कुळं. वाड्याची शेती वेठीवर करून घ्यायची, कुळांकडून धान्य, कोंबड्या, अंडी वसूल करायची आणि मालकाचा वाटा पोचता करायचा, हे काम मायरचं. मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर मी पाटील किंवा कुलकर्णी न म्हणता खोत म्हणेन. फरक एवढाच, की कोकणातला खोत सरकारचा सारा गोळा करी आणि मायर खासगी धन्याचा. खोतासारखंच हेही काम घराण्यात टिकू लागलं आणि हुद्द्याचं आडनाव झालं. बाराव्या-तेराव्या शतकात ही व्यवस्था मोडत गेली, धन्यांनी वाडे खंडाने दिले, आणि वायव्य जर्मनीत तर मायर म्हणजे ठरावीक हक्क असलेलं कूळच झालं. तिथे पूर्ण मायर आणि अर्धा मायर अशा शेतकऱ्यांच्या प्रती होत्या. उत्तरेत दुग्धशाळेला ‘मायराय’ म्हणतात, तेही यातलंच.

गावोगाव एक तरी मायर असणारच, म्हणून नुसत्या आडनावावरून नातं जुळवणं व्यर्थ. ओळखीसाठी पुढे काहीतरी जोडावं लागे: ओबरमायर वरच्या वाडीचा, नीडरमायर खालच्या, बाखमायर ओढ्याकाठचा, किर्शमायर चर्चजवळचा, नॉयमायर नवा.

लेखनाच्या तऱ्हांवरून प्रदेशाचा अंदाज येतो, खात्री नाही. उत्तरेत ई-वाय किंवा ई-आय जास्त, दक्षिणेत ए-आय आणि ए-वाय, आणि बव्हेरिया-ऑस्ट्रियात मधला ई गाळून नुसतं एम-ए-वाय-आर असं चार अक्षरांत. आवर्तसारणीवाला लोथार उत्तरेकडच्या फारेलचा, त्याच्या नावात ई-वाय. पुस्तकातल्या ‘संबंधा’चा रोबर्ट नैर्ऋत्येकडच्या हाइलब्रोनचा, ए-वाय. जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट बव्हेरियातल्या केम्प्टनचा, चार अक्षरी. पण एकाच माणसाची बाप्तिस्म्याची नोंद एका तऱ्हेने आणि लग्नाची दुसऱ्या, हे सर्रास आढळतं, कारण पाद्री कानाने ऐकून लिहीत. सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी प्रशिया या सर्वांत मोठ्या जर्मन राज्यात 1874 साली आणि साऱ्या जर्मन साम्राज्यात 1 जानेवारी 1876 पासून सुरू झाली, तेव्हा कुठे लेखन गोठलं. म्हणून ‘आमचं वाय-वालं घराणं वेगळं’ या अभिमानाला त्याआधीच्या काळात काही आधार नाही.

सगळेच मायर या हुद्द्याचे नव्हेत. हिब्रूत ‘मेईर’ म्हणजे प्रकाश देणारा, हे ज्यूंमधलं जुनं व्यक्तिनाव. ज्यूंनी कायम आडनावं घ्यावीत असे हुकूम ऑस्ट्रियात 1787, प्रशियात 1812 आणि बव्हेरियात 1813 साली निघाले, तेव्हा पुष्कळांनी ध्वनिसाम्यामुळे मायर घेतलं. पुढे इस्रायलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयर्सन यांनी 1956 साली आडनाव ‘मेईर’ केलं, ते त्या हिब्रू शब्दाकडे परतणं होतं.

वंशावळ शोधणाऱ्यांसाठी थोडं. आधी गाव आणि पंथ पक्का करा. गावाशिवाय मायर शोधणं म्हणजे कोल्हापुरात नुसता ‘पाटील’ विचारणं. 1876 च्या अलीकडे नोंदणी कार्यालय, पलीकडे चर्चच्या वह्या. कॅथलिक वह्या ‘मात्रिकुला’ या संकेतस्थळावर फुकट दिसतात, प्रोटेस्टंट ‘आर्खिओन’वर पैसे भरून. लिपी कुरेंट, म्हणजे जुनं जर्मन हस्ताक्षर: तिच्यातला ई हा एन-सारखा दिसतो आणि वायवर बहुधा दोन टिंबं असतात.

वायव्य जर्मनीतल्या वेस्टफालियात आणखी एक खड्डा आहे. तिथे आडनाव माणसाचं नसून शेताचं. समजा श्र्योडर घराण्यातला मुलगा मायरांच्या वाड्यावर घरजावई गेला. तो मायर होतो आणि त्याची मुलंही मायरच. वहीत ‘श्र्योडर, गेनान्ट मायर’ असं असेल, गेनान्ट म्हणजे ‘म्हटला जाणारा’. तो शब्द नजरेतून सुटला, तर नाव सलग दिसतं आणि बापाकडचा वंश मात्र भलत्याच घरी जातो.

लेखनभेदांवर उपाय म्हणून ‘कोलोन ध्वनिसंकेत’ वापरतात, 1969 चा: अक्षरांना आकडे द्यायचे, म्हणजे सारख्या उच्चाराची नावं एकाच आकड्याखाली सापडतात. त्यात एम आणि एनला 6, आरला 7, स्वरांना, जेला आणि वायला 0. एच सोडून द्यायचा आणि मधली शून्यं गाळायची. मायरच्या सगळ्या तऱ्हा 67 वर येतात. पण मोर हे जर्मन आडनावही 67, आणि फुटबॉलवाल्यांच्या ओळखीचं नॉयरसुद्धा 67, म्हणून निकालात ही नावं दिसली तर गोंधळू नका. उलट अठराव्या शतकातल्या वह्यांत बाईच्या आडनावाला ‘इन’ लागतो. मायरिन हे वेगळं आडनाव नव्हे, मायरचीच लेक किंवा बायको. पण तिचा संकेत 676 होतो आणि 67 च्या शोधात ती येत नाही. आज्या-पणज्या हरवतात त्या बहुधा इथेच. तो शोध वेगळा लावा.