अमेरिकेतली जॉन म्यूर ट्रेल ही लांब पायवाट करताना वाटेजवळच्या हाफ डोम या कातळशिखरासाठी वेगळा परवाना लागतो का?

हो, लागतो. कसारा लोकल पकडून कळसूबाईला गेलो, असं तिथे चालत नाही. ट्रेलच्या विल्डरनेस परमिटचा, म्हणजे रानात मुक्कामाच्या परवान्याचा, अर्ज भरतानाच त्यात हाफ डोम मागून घ्या. माणशी १० डॉलर जास्त पडतात. तेव्हा राहिलं तर लॉटरी: मुख्य मार्चमध्ये, नाहीतर चढाईच्या दोन दिवस आधीची. दिवसाला साधारण ३०० जणांनाच सोडतात, त्यातले ७५च्या आसपास पाठपिशवीवाले, म्हणजे रानात मुक्काम करत चालणारे. रेंजर वाटेत कागद बघतात.

शेवटचे ४०० फूट दोन लोखंडी दोर धरून, मधल्या लाकडी फळ्यांवर दम खात चढायचं. कळसूबाईच्या शिड्या त्यापुढे जिनाच वाटतील! पकड असलेले हातमोजे इथूनच न्या. आभाळ भरून आलं, तर परवाना खिशात असला तरी माघारी फिरा.