तुकडे केले, ईएसलिंट गप्प झालं, तरी कोड अवघडच: उत्तर

चेकआउटच्या फंक्शनला ईएसलिंट (जावास्क्रिप्ट कोड तपासणारं टूल) ३८ कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे गुंत्याचा आकडा, दाखवत होतं, पाच तुकडे केल्यावर इशारा गेला, पण कोड वाचायला आणखी जड झाला, असं तुम्ही लिहिलंय. ते तुकडे बहुधा ओळी बघून पाडले गेलेत. पाचही फंक्शन्स तोच ऑर्डर ऑब्जेक्ट बदलत असतील आणि एकमेकांना ट्रू-फॉल्सचे फ्लॅग देत असतील, तर गुंता फक्त पसरला. तीन फ्लॅग म्हणजे आठ शक्यता, आणि आता त्या एका जागी दिसतही नाहीत.

ईएसलिंट मोजतं ती मॅककेब यांनी १९७६ साली मांडलेली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे कोडमधल्या स्वतंत्र वाटांची संख्या. सुरुवात १ पासून, मग प्रत्येक इफ, लूप, केस, टर्नरी, अँड-ऑरला एकेक. तीन इफ एकात एक असोत की एकाखाली एक, उत्तर ४च. सोनारक्यूब या दुसऱ्या कोड-तपासणी टूलची कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी (कोड समजायला किती अवघड) मात्र आतल्या इफला जास्त भार देते: एकात एक असतील तर १+२+३, म्हणजे ६; सुटे असतील तर ३. उलट दहा केसचा स्विच पहिल्या हिशेबात ११, दुसऱ्यात फक्त १. टेस्ट किती लागतील याचा अंदाज पहिल्यावरून घ्या, वाचणाऱ्याला किती त्रास होईल ते दुसऱ्यावरून. (ईएसलिंट ९ पासून ऑप्शनल चेनिंग, म्हणजे ?. हे चिन्ह, आणि डिफॉल्ट व्हॅल्यूही धरल्या जातात. अपग्रेडनंतर आकडे वाढले तर कोड बिघडलाय असं समजू नका.)

आता काम. आधी कोड आज जसा वागतो तसा पकडून ठेवणाऱ्या टेस्ट लिहा. चुकीचं वाटणारं वागणंही तूर्त तसंच राहू द्या. मग रिकामी कार्ट, लॉगिन नसणं, स्टॉक संपणं हे सगळं फंक्शनच्या सुरुवातीलाच तपासून तिथूनच रिटर्न करा. सायक्लोमॅटिक आकडा जवळपास तेवढाच राहील, कॉग्निटिव्ह उतरेल.

खरी फोड यानंतरची, आणि वेळ इथेच घालवा: ठरवणं वेगळं, करणं वेगळं. सवलत आणि डिलिव्हरी चार्ज ठरवणाऱ्या फंक्शननं डेटाबेसला हात लावायचा नाही, ऑर्डर बदलायची नाही. माहिती घ्यायची, रक्कम परत द्यायची. त्याच्या टेस्टला मॉक (खऱ्या डेटाबेसच्या जागी ठेवलेली नकली वस्तू) लागत नाही. डेटाबेस, पेमेंट गेटवे, ईमेल यांच्या कोडमध्ये मग मोजकेच इफ उरतात.

पेमेंटच्या प्रकारांची लांब इफ-एल्स साखळी लुकअप ऑब्जेक्टमध्ये (प्रकाराच्या नावावरून त्याचं फंक्शन शोधून देणारी यादी) टाका, पण सगळ्या प्रकारांना सारखाच इनपुट लागत असेल तरच. अनोळखी प्रकार आला तर स्पष्ट एरर द्या. नाहीतर अनडिफाइन्ड पुढे सरकतो आणि चूक भलत्याच फाइलमध्ये दिसते.

सगळ्या प्रोजेक्टवर एकदम कॉम्प्लेक्सिटीची १० ची मर्यादा लावू नका. गिट लॉगमधून गेल्या सहा महिन्यांत वारंवार बदललेल्या फाइल्स काढा, त्यांतल्या जास्त आकड्याच्या फंक्शन्सपासून सुरुवात करा. वर्षभर कुणी न उघडलेलं ४० चं फंक्शन तूर्त थांबू शकतं.