नाणेघाटाच्या शिलालेखातली अक्षरं फोटोसाठी खडूने भरली तर चालेल का?

नाही, अजिबात भरू नका, पाण्याने ओलीपण करू नका. खडू खाचांत बसतो आणि मग तो काढायला कोणीतरी ब्रशने घासतं, त्यात अक्षरांच्या कडा झिजतात, शिवाय एखादी रेघ चुकीची भरली की अक्षरच बदलतं. हा ब्राह्मी लेख सातवाहन राणी नागणिकेचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा, कोकणातल्या बंदरांतून जुन्नरला माल नेणाऱ्या वाटेवर कोरलेला, तिने केलेले यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नावाच्या नाण्यांचे आकडे त्यात आहेत. लेण्यातल्या राजघराण्याच्या पुतळ्यांची आता फक्त पावलांची खूण उरलीय, वर नावं कोरलेली आहेत म्हणून कोण होते ते कळतं, नाहीतर तेही गेलं असतं!

फोटोसाठी टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने तिरका मारा, खाचांत सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात, समोरून फ्लॅश मारला तर सगळं सपाट दिसतं. मजकूरच हवा असेल तर संस्कृतचे अभ्यासक ब्यूलर यांनी तो १८८३ मध्येच छापलाय.

अभ्यासक कागद-शाईने ठसे घेतात हे खरं, पण ते परवानगी काढून आणि शिकलेल्या हाताने, आपण ट्रेकला जाऊन करायचं काम नाही ते. आणि वरच्या दगडी रांजणात पाण्याच्या बाटल्या टाकू नका प्लीज, जकातीचा म्हणून तोच सगळे बघायला येतात.