उलटीचा रंग विचारलास का?

इंदूर, रामबाग

प्रिय बेटा,

परवा तुझा फोन आला तेव्हा ओपीडी भरलेली होती, धड बोलता आलं नाही. आठ महिन्यांचं बाळ, दोन दिवस ढाळ, आज उलट्या. ओआरएस देऊन संध्याकाळी परत बोलावलंस, ते छान केलंस. पण उलटीचा रंग विचारलास का? पिवळट दुधाची उलटी वेगळी आणि हिरवी वेगळी. हिरवी म्हणजे आतड्याची वाट अडली, असंच धरून चालायचं, नाही असं सिद्ध होईपर्यंत.

आपली चूक कुठे होते सांगू? ढाळ लागलेत म्हटलं की आपण 'इन्फेक्शन' लिहितो आणि कागद मिटतो. वाट अडण्याचा विचार मनात येतच नाही, कारण शी तर होतेय! पण संसर्ग बऱ्याचदा पुढे चालतो आणि अडथळा त्याच्या पाठोपाठ येतो. ॲडिनोव्हायरससारखा विषाणू आला की लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या लसिका ग्रंथी सुजतात. ती सूज धरून आतडं पुढच्या आतड्यात दुर्बिणीच्या नळीसारखं सरकतं. हेच इंटससेप्शन. बहुतेक मुलं तीन महिने ते तीन वर्षांच्या आतली.

रेसिडेन्सीत असताना माझ्यासमोर असंच एक बाळ आलं होतं, आठवड्यापूर्वी पडसं झालेलं. आजी म्हणाली, "रडतं, पाय पोटाशी घेतं, मग एकदम गप्प पडतं." ते 'गप्प' ऐकून मी निश्चिंत झालो! दुसऱ्या दिवशी लाल जेलीसारखी शी झाली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुस्तकात ठळक छापलेली ती खूण उशिराची असते. वेळेत सोनोग्राफी केली असती, तर हवेच्या किंवा सलाइनच्या दाबानं आतडं मागे सरकवता आलं असतं. बहुतेक बाळांमध्ये जमतं. त्या बाळाच्या आतड्याचा तुकडा काढावा लागला. आजी पहिल्याच मिनिटाला निदान सांगून गेली होती.

रोटाव्हायरस, म्हणजे बाळांना ढाळ लावणारा विषाणू, त्याच्या लसीबद्दल आया विचारतील. 1999मध्ये अमेरिकेत पहिली लस इंटससेप्शनच्या धोक्यामुळेच मागे घेतली गेली, हे खरं. आत्ताच्या लसींचा धोका फार लहान आहे आणि फायदा कितीतरी मोठा. 2016पासून ती आपल्या सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्यानं आली. द्यायचीच. फक्त डोसनंतरच्या आठवड्यात बाळ असं थांबून थांबून रडलं तर लगेच आणा, एवढं सांगून ठेव.

जरा मोठ्या मुलांत, दोन वर्षांपुढे, जंत विसरू नकोस. माळवा-निमाडच्या खेड्यांतून येणाऱ्या पोराच्या उलटीत जंत पडला, की नातेवाईक आधी जंताचं औषध मागतात. एकेक जंत वीतभर लांब आणि कधी कधी असे कितीतरी गुंतून आतड्यात गोळा होतो. वाट पुरती अडलेली असताना ते औषध, ॲल्बेंडॅझोल, देऊ नको. लुळे पडलेले जंत तिथेच घट्ट बसू शकतात. तोंडानं काही नाही, नाकातून नळी, सलाइन, आणि सर्जनना फोन. औषध वाट मोकळी झाल्यावर.

आणि एक, जे मला सगळ्यात जास्त खटकतं: ढाळ 'बांधायची' गोळी. मेडिकलवाला देतो, शेजारीण देते. तान्ह्या बाळाला लोपेरामाइड दिलं की आतडं लुळं पडतं, पोट ढोलासारखं फुगतं. जुलाबात पोटॅशियम गेलेलं असेल तरी तसंच होतं. अशा पोटाला स्टेथोस्कोप लाव. काहीच ऐकू येत नाही. खऱ्या अडथळ्यात सुरुवातीला उलट किणकिणल्यासारखे आवाज येतात. म्हणून औषधांची पिशवी उलटी करून बघत जा, "काही दिलं का?" याला कुणी खरं उत्तर देत नाही.

टीबीचं आतडं महिनोन्महिने कुरकुरत अडतं, वजन उतरत जातं. त्यावर समोरासमोर बोलू.

शनिवारी ये. त्या बाळाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आण आणि आईनं शब्दशः काय सांगितलं ते लिहून आण. पोहे-जिलबी माझ्याकडून.

तुझे सर