सातत्य नव्हे, एकवाक्यता

एकाच डेटाच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवणाऱ्या डेटाबेसविषयी लिहिताना ‘कन्सिस्टन्सी’ला, म्हणजे सर्व प्रतींनी एकच उत्तर देण्याला, ‘सातत्य’ म्हणावे की ‘सुसंगती’, आणि ‘इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी’ला काय म्हणावे, असा प्रश्न आहे.

‘सातत्य’ येथे वारंवार वाचावे लागते आणि दर वेळी खटकते. ‘सतत’ म्हणजे सम् + तत. ‘तन्’ म्हणजे ताणणे, आणि ‘सम्’मधील मकार विकल्पाने लोपत असल्यामुळे ‘संतत’ व ‘सतत’ ही दोन्ही रूपे सिद्ध होतात. सातत्य म्हणजे मध्ये कोठेही न तुटलेला धागा. हे वर्णन कन्सिस्टन्सीचे नसून अखंड सेवेचे, म्हणजे अव्हेलेबिलिटीचे आहे! संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ साली सिद्ध केलेला कॅप सिद्धांत सांगतो तो हाच, की नेटवर्क दुभंगल्यावर, म्हणजे यंत्रांमधला संपर्क तुटल्यावर, या दोहोंपैकी एकावर पाणी सोडावे लागते. ‘सातत्य’ लिहिणारा एकाच्या गळ्यात प्रतिस्पर्ध्याचे नाव अडकवतो.

‘सुसंगती’चा आग्रह धरणाऱ्या जाणकारांशीही मी सहमत नाही. एखादा व्यवहार डेटाच्या ठरलेल्या नियमांशी जुळतो का, हे सांगणाऱ्या ‘ॲसिड’मधील (डेटाबेसमधील व्यवहारांच्या चार हमींमधील) कन्सिस्टन्सीला तो शब्द शोभतो, सर्व प्रतींनी एकच उत्तर देण्याला मात्र नाही.

त्यासाठी ‘एकवाक्यता’ हा शब्द तयार आहे. साक्षीदारांत एकवाक्यता नाही, असे आपण सहज म्हणतो. पण शब्द मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र रचणाऱ्यांचा. जैमिनींच्या सूत्रानुसार अर्थ एक असेल आणि विभाग केल्यास तुकडे साकांक्ष, म्हणजे एकमेकांवाचून अपुरे, राहत असतील, तर ते एक वाक्य. नेटवर्कच्या दुभंगालाही इंग्रजीत ‘पार्टिशन’, म्हणजे विभागच म्हणतात; म्हणून येथे ‘विभाग’ हाच शब्द यावा, याचा मला फार आनंद होतो. समजा, तीन प्रती आहेत. नोंद किमान दोघींनी स्वीकारायची आणि वाचतानाही दोघींना विचारायचे. दोन अधिक दोन हे तिनापेक्षा जास्त, म्हणून दोन्ही वेळी किमान एक प्रत सामाईक असतेच. नेटवर्क दुभंगून एकटी पडलेली प्रत दुसरीवाचून बोलू शकत नाही. ती शब्दशः साकांक्ष असते. तिने जुनाच आकडा सांगून टाकला, तर सातत्य टिकते आणि एकवाक्यता जाते.

राहिली इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी. ‘अंतिम सुसंगती’ नको, कारण त्यातून शेवटचा टप्पा सुचतो. नव्या नोंदी थांबल्या, तर सर्व प्रती कधीतरी जुळतील, पण मुदत नाही, एवढेच त्यात अभिप्रेत आहे; म्हणून ‘यथावकाश एकवाक्यता’.